हा नंबर आधीच नोंदलेला आहे

तुम्ही मला ओळखत नाही, पण शिव्या नक्की दिल्या असतील. परीक्षेचा, नोकरीचा, नाहीतर कसलातरी ऑनलाइन फॉर्म भरताना तुम्ही 'पुढे' हे बटण दाबता आणि पान काही पुढे जात नाही. एखाद्या रकान्याखाली लाल अक्षरं उमटतात. 'पिनकोड सहा अंकी हवा.' 'हा रकाना रिकामा ठेवता येणार नाही.' तुम्ही वैतागता, पुन्हा भरता, पुन्हा लाल होतं, आणि मग घरात जो समोर येईल त्याच्यावर खेकसता. ती लाल अक्षरं लिहायचं काम मी इतकी वर्षं केलं. आता केस पांढरे झाल्यावर ऑफिसात रोज जात नाही, पण लोक अजून अडले की मलाच फोन करतात.

आमचं ऑफिस शहाद्याला, एसटी स्टँडपासून हाकेच्या अंतरावर, एका कापडदुकानाच्या वरच्या मजल्यावर. मालक पारसशेठ. त्यांचे आजोबा राजस्थानातून आले ते धान्याच्या व्यापारासाठी, वडिलांनी कापड विकलं, पारसशेठनी आधी कॉम्प्युटर विकले आणि मग वेबसाइटी. मी जवळच्याच ब्राह्मणपुरी गावची. घरी केळी आणि ऊस. पोरगी काय करते असं कोणी विचारलं की आई सांगायची, 'शहाद्याले मशीनवर बसस.' बरीच वर्षं गावातल्या बायका मला ब्लाउज शिवून देतेस का म्हणून विचारत. मी कोणाचा गैरसमज दूर केला नाही. शिलाईचं काम निदान त्यांना समजलं असतं.

हे काम नेमकं काय, ते सांगते. तुम्ही फॉर्ममध्ये जे लिहिता ते आमच्या साठ्यात जाऊन पडण्याआधी कोणीतरी बघायला हवं. मोबाइल नंबरात दहा आकडे आहेत का, तारखेत तेरावा महिना तर नाही, नावाच्या जागी कोणी पत्ता तर नाही लिहिला. ही तपासणी दोनदा होते. एकदा तुमच्या समोरच्या पानावर, म्हणजे चूक तिथल्या तिथे कळावी. आणि एकदा आमच्याकडे माहिती पोचल्यावर, कारण समोरच्या पानाला चकवणारे महाभाग असतात. पहिली तपासणी भल्या माणसाच्या सोयीसाठी, दुसरी लबाडासाठी. अडचण एवढीच की दोन्हींना माणूस दिसत नाही, फक्त त्यानं लिहिलेलं दिसतं.

सुरुवातीला मी फार कडक होते. आमच्या भागातल्या एका समाजाच्या वधू-वर मेळाव्याची वेबसाइट केली, तेव्हा 'शेती किती एकर' या रकान्यात लोकांनी 'बरी आहे', 'सामाईक', 'देवाच्या दयेनं' असं काय काय लिहिलं. मी तिथे फक्त आकडाच घेईल अशी तपासणी लावली. दुसऱ्या दिवशी एका मुलाचे वडील, पांढरं धोतर, खांद्यावर उपरणं, तणतणत माडी चढून आले.

"मन्हं 'भरपूर' काब्र लेत नही तुन्हं मशीन?"

"बाबा, तठे आकडा लागस."

"आकडा टाकू अन् भाऊबंद वाचतीन! तुले काय जास?"

मी हट्ट सोडला नाही. त्यांनीही सोडला नाही. ऑनलाइन सेंटरवर जाऊन त्यांनी तिथे नऊशे नव्व्याण्णव टाकलं. आकडाच तो, माझ्या तपासणीनं मुकाट्यानं घेतला. जास्त शेती वर अशी यादी लागत असल्यामुळे त्यांचा पोरगा सगळ्यात वर. पुढचा आठवडाभर मुलींचे बाप त्यांच्या दारात. शेवटी तेच पुन्हा माडीवर आले, म्हणाले, "पोरी, काढ व ते. इतली जमीन तं मन्हा गावलेबी नही." तेव्हापासून मी प्रत्येक आकड्याला खालची मर्यादा लावते तशी वरचीही लावते. आणि त्या रकान्यात 'सांगायची इच्छा नाही' असाही एक पर्याय ठेवते, कारण माणसाला तोही हक्क आहे.

दुसरा धडा केळी उत्पादकांच्या नोंदणीत मिळाला. ज्यांनी काम दिलं त्यांना ईमेल हवाच होता. शेतकऱ्यांकडे ईमेल कुठला? तरी मी 'ईमेल आवश्यक' लावलं. लोकांनी तिथे 'नाही' लिहिलं. माझी लाल अक्षरं म्हणाली, ईमेलमध्ये ॲट हवं. मग लोकांनी लिहिलं 'नाही ॲट नाही'. माझी लाल अक्षरं म्हणाली, शेवटी डॉट हवा. नोंदणी संपली तेव्हा अर्ध्याअधिक शेतकऱ्यांचा ईमेल एकच होता, नाही ॲट नाही डॉट कॉम. पारसशेठ पोट धरून हसले. मीही हसले, पण घरी जाताना विचार करत राहिले. लोक खोटं बोलायला आले नव्हते. त्यांनी पहिल्याच फटक्यात खरं सांगितलं होतं, की नाही. मी त्यांना अडवत अडवत खोट्यापर्यंत नेलं. माणसाला फार अडवलं की तो खरं सोडतो आणि जे बसेल ते देतो, हे मला तेव्हा कळलं.

हे सगळं गमतीचं झालं. आता जे सांगायचं आहे त्यात एका मुलीचं शिक्षण अडकलं होतं.

तालुक्यातली एक संस्था मुलींसाठी रुग्णसेवेचा निवासी वर्ग चालवते. राहणं, जेवण, शिक्षण, आणि शेवटी दवाखान्यात काम. डोंगरातल्या मुलींसाठी ही फार मोठी गोष्ट. दिवाळीनंतर सुरू होणाऱ्या वर्गाची ऑनलाइन नोंदणी आमच्याकडे आली. संस्थेच्या प्रमुखांना सगळे सरच म्हणायचे. इस्त्रीचा शर्ट, हळू आवाज, बोलणं पुस्तकासारखं शुद्ध. त्यांच्या तोंडून आमच्या बोलीतला 'शे', म्हणजे 'आहे', मी कधी ऐकला नाही, मग ते इथलेच का बाहेरचे, हेही मी कधी विचारलं नाही.

आदल्या वर्षी त्यांना चांगलाच फटका बसला होता. एका एजंटानं स्वतःच्या एकाच मोबाइलवरून बोगस नावं भरली, जागा अडवल्या आणि मग त्या आपल्या ओळखीच्यांना वाटल्या. खऱ्या मुली बाहेर राहिल्या. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. सरांनी मला दोन नियम घालायला सांगितले. एका मोबाइल नंबरावर एकच नोंदणी. आणि एकाच नंबरावरून पुन्हा पुन्हा प्रयत्न झाले, तर तो एजंट समजून त्याची पहिली नोंदणीसुद्धा रद्द.

मी म्हटलं, "सर, डोंगरात घराघरात फोन नसतो."

"पण एका घरातून एकच मुलगी येणार ना? मग एक नंबर पुरेल."

म्हणणं वावगं नव्हतं. नियम लागले. नंबर खरा आहे हे कळावं म्हणून त्यावर ओटीपीही जायचा. म्हणजे एक सांकेतिक आकडा मोबाइलवर येतो, तो दहा मिनिटांत फॉर्ममध्ये भरायचा.

माझी एक सवय आहे. जे फॉर्म तपासणीत अडतात त्यांची नोंद मशीन ठेवतं. बहुतेक लोक ती पुसून टाकतात. मी ती चहा पिताना वाचते. कोण कुठे अडलं हे वाचलं की आपला फॉर्म कुठे चुकला ते कळतं. त्या दिवशी वाचताना माझा कप हातातच राहिला. एकच मोबाइल नंबर, आणि त्यावर एकामागून एक निरनिराळ्या मुली. सगळ्या अक्राणी तालुक्यातल्या, गावं वेगळी, पाडे वेगळे, बापांची नावं वेगळी. प्रत्येकीला लाल अक्षरांत तेच उत्तर, 'हा नंबर आधीच नोंदलेला आहे.' पहिली होती ती रुमली नावाची मुलगी, बारावी पास. तिची नोंदणी व्यवस्थित झाली होती. पण मागच्या मुली त्याच नंबरावर धडका मारत राहिल्या, तेव्हा दुसऱ्या नियमानं आपलं काम केलं. रुमलीची नोंदणी रद्द, आणि त्या नंबरावर मेसेज, 'आपली नोंदणी रद्द करण्यात आली आहे.' कारण दिलेलं नव्हतं. एजंटाला कारण कशाला सांगायचं, असं सरांचं म्हणणं होतं.

मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "पाहिलंत? याही वर्षी आलाच एजंट."

पारसशेठ म्हणाले, "ताई, आपले काय करनं शे? त्यासनी सांगं, आपण करं."

दोघांचंही बरोबर असेल. पण मला ती नोंद एजंटाची वाटेना. एजंट बसल्या बैठकीला सगळी नावं भरतो. इथे सकाळी एक-दोन नावं यायची, मग शांत, पुन्हा दुसऱ्या सकाळी. मी त्या नंबरावर फोन लावला. पलीकडे हॉर्न, कोंबड्यांचा कलकलाट आणि एका माणसाचा मोठा आवाज.

"रुमली आहे का?"

"ती आठे कशी ऱ्हाई? मी गाडीवर शे. सांजले वर जासू, तव्हय निरोप दिसू. काय सांगू?"

"तुम्ही तिचे कोण?"

"कोनी नही. मी जीपवाला."

फोनवरच्या आवाजावर किती भरवसा ठेवायचा? लबाड माणूसही असाच मोकळा बोलतो. शहाद्यात बसून डोंगरातल्या माणसांचा निवाडा करणं म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. अक्राणीच्या पाड्यांवरून सगळे खाली धडगावलाच येतात, म्हणून दुसऱ्या दिवशी मी धडगावची गाडी धरली.

धडगावला जीपा उभ्या राहतात त्या जागी पोचले आणि ज्यासाठी आले होते ते मला उतरल्या उतरल्या ऐकू आलं. ऑनलाइन सेंटरच्या दारातून एक पोरगी ओरडली, "जयसिंगभाऊ, आला का?" जीपच्या टपावर पोती बांधत असलेल्या माणसानं खिशातून फोन काढला, डोळ्यांजवळ नेला आणि अख्ख्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात एकेक आकडा वाचून दाखवला. मेसेजात खाली लिहिलेलं असतं, हा आकडा कोणालाही सांगू नका. तो इथे जीपची वाट बघणाऱ्या सगळ्या माणसांना आणि दोन बकऱ्यांना माहीत झाला होता.

मी त्याच्याजवळ गेले, कोण ते सांगितलं. जयसिंगभाऊ एकदम ताठ झाला. "ताई, मन्हा नंबर सगळीकडे शे. रेशनले शे, बँकले शे, दवाखानाले शे," तो अभिमानानं म्हणाला. "इतला मोठा नंबर तं तहसीलदारनाबी नही."

मग त्यानं सांगितलं तसं मला समजलं. वरच्या पाड्यांमध्ये फोन आहेत, पण रेंज नाही. एखाद्या टेकडीवर चढून हात वर केला तर कधी येते, कधी नाही. कोणाचा तरी मेसेज कधी येईल म्हणून टेकडीवर कोण बसून राहणार? जयसिंगभाऊची जीप मात्र सकाळी खाली येते आणि संध्याकाळी वर जाते. दिवसभर तो रेंजमध्ये. संध्याकाळी प्रत्येक फाट्यावर गाडी हळू करायची, हाक मारायची, निरोप द्यायचा. त्या वाटेवर हे जीपवाल्याचं कामच समजतात. नंबर विचारला की लोक त्याचा नंबर सांगतात, जसा आपण पत्ता सांगतो.

"निरोप चुकत नाही कधी?" मी विचारलं.

"चुकस ना. येकदाव बँकना निरोप भलत्याच बाईले दिधा. ती बिचारी आठे येईसन दिनभर बसनी." तो ओशाळून हसला. "पन ताई, दुसरं कोन शे?"

मी रुमलीबद्दल विचारलं, आणि त्याचं हसू गेलं.

"तिनं रद्द व्हयनं. मीच सांगं फाट्यावर. तठेच रडनी ती. दुसरा दिन मायबापसंगे गुजरातले गयी, ऊस तोडाले."

सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, पण इथे सुकं नव्हतंच. सगळंच ओलं होतं आणि आम्ही जाळलं होतं. बाकीच्या मुली निदान घरी होत्या, त्यांना पुन्हा बोलावता आलं असतं. रुमली गेली होती कोयत्याच्या मागे, आणि ऊसतोडीला गेलेलं माणूस एकदम होळीलाच घरी परततं. तोवर वर्ग अर्धा झाला असता.

दुसऱ्या सकाळी मी सरांच्या टेबलासमोर होते. सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही भेटून आलात, तुमची खात्री पटली," ते म्हणाले. "पण माझ्याकडे उद्या एजंट आला आणि म्हणाला की मीसुद्धा जीपवाला आहे, तर मी कसं ओळखायचं?"

प्रश्न खरा होता. मी म्हटलं, "नंबरावरून ओळखायचंच नाही, सर. नंबर म्हणजे निरोप कुठे पोचवायचा तेवढंच. मुलीला प्रत्यक्ष बोलवा. तिची नोंद तिलाच वाचून दाखवू. बोगस नाव समोर येऊन खुर्चीत बसू शकत नाही."

ते म्हणाले, "ठीक आहे. पण माझी एक अट आहे. भरलेली प्रत्येक गोष्ट मुलीनं स्वतः बरोबर म्हणून सांगायची. एकही गोष्ट चुकली, तर नाव काढायचं. आणि शेवटच्या दिवसानंतर कोणासाठीही थांबणार नाही. बाहेर प्रतीक्षायादी आहे, त्या मुलीही खऱ्याच आहेत."

मी अट मान्य केली. मी परत येऊन नियम काढला. एक नंबर कितीही मुलींना चालेल असं केलं, आणि त्याखाली एक नवा रकाना घातला, 'हा फोन कोणाचा?' त्यात स्वतःचा, घरचा, शेजाऱ्याचा, दुकानदाराचा असे पर्याय दिले आणि शेवटी गाडीवाल्याचा. पारसशेठ खुर्चीमागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "ताई, गाडीवाला? आख्ख्या हिंदुस्थानना फॉर्ममा असं कोठे नही व्हई." मी म्हटलं, नसू दे.

अडलेल्या सगळ्या मुलींच्या नोंदी परत घेऊन तो रकाना मी भरला, आणि त्यांना मेसेज गेला, म्हणजे अर्थातच जयसिंगभाऊला गेला, एकामागून एक. या वेळी मेसेजात नोंदणी का रद्द झाली होती आणि आता काय करायचं, हे सगळं लिहिलं. त्यानं फाट्याफाट्यावर जीप थांबवली. पोरी दोघी-तिघी मिळून खाली येऊ लागल्या. सरांच्या खोलीत मी कॉम्प्युटरवर नोंद वाचायची, मुलीनं 'हो' म्हणायचं, सरांनी मंजुरी द्यायची. नाव, बापाचं नाव, गाव, पाडा, शाळा, जन्मतारीख. पोरी परेडमध्ये उभ्या असल्यासारख्या पटापट 'हो' म्हणायच्या. कोणी अडकलं नाही.

रुमलीचा पत्ता नव्हता. टोळीच्या मुकादमाकडे फोन असतो, त्या मुकादमाचा नंबर जयसिंगभाऊनं कुठून तरी मिळवला. मुकादम म्हणाला, सांगतो. सांगितलं की नाही, कोणाला माहीत? मी रोज त्याला फोन करायचे, आणि त्याचा फोन रोज वाजून वाजून बंद व्हायचा.

शेवटचा दिवस उजाडला. दुपार झाली. सरांनी प्रतीक्षायादी काढून टेबलावर ठेवली. त्यांना थांबवावंसं वाटलं, पण अट मीच मान्य केली होती. चहा आला, मी घेतला नाही. तेवढ्यात शिपाई म्हणाला, बाहेर एक पोरगी उभी आहे, आत यायला कचरते.

ती रुमली होती. रात्रभर उसाच्या ट्रकमध्ये आणि मग एसटीत बसून आली होती. उसाच्या पाचटानं दोन्ही हातांवर ओरखडे, केसांत धूळ, पायात चप्पल एकाच जोडाची नव्हती. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला शाळेचा दाखला. मला इतका आनंद झाला की मी उठून तिला पाणी दिलं आणि उगाचच तिच्या पाठीवरून हात फिरवला. ती दचकली.

"घाबरू नकोस," मी म्हटलं. "मी वाचते ते ऐक. खरं असेल तरच हो म्हण."

हे वाक्य मी बाकीच्या कोणत्याच मुलीला म्हटलं नव्हतं. तिला का म्हटलं ते आजही सांगता येत नाही. कदाचित टेबलावर प्रतीक्षायादी पडली होती म्हणून असेल.

नाव वाचलं. "हो." बापाचं नाव. "हो." गाव, पाडा, शाळा. "हो, हो, हो." फोन कोणाचा, तर गाडीवाल्याचा. "हो."

"जन्मतारीख, एक जून."

तिनं मान वर करून पडद्याकडे पाहिलं. मी पुन्हा वाचलं. तिनं दाखल्याची पिशवी छातीशी घट्ट धरली आणि म्हणाली, "नाही."

सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. एकही गोष्ट चुकली तर नाव काढायचं.

"नाही म्हणजे?" सर म्हणाले. "दाखल्यावर हीच तारीख आहे ना?"

"दाखल्यावर आहे. पण खरी नाही." ती शाळेतल्या मराठीत, एकेक शब्द ठेवून बोलत होती. "पहिलीत नाव घातलं तेव्हा मास्तरनी लिहिली. आमच्या वर्गात सगळ्यांची तीच लिहिली. आई भोंगऱ्याच्या बाजारातून घरी येत होती, तेव्हा वाटेत घाटातच मी झाले. होळीच्या आधी. तारीख कोणाला माहीत नाही."

"मग फॉर्म भरताना का नाही सांगितलंस?"

तिनं मान खाली घातली. "भीती वाटली. मग रद्द झाल्याचा निरोप आला. कशामुळे ते त्यात नव्हतं. मला वाटलं, हेच समजलं असणार. तारीख खोटी आहे हे मशीनला समजलं. म्हणून मी विचारायलाही आले नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आता ताई म्हणाली, खरं असेल तरच हो म्हण. पुन्हा खोटं सांगितलं तर पुन्हा रद्द होईल ना?"

ज्या नंबरावर आम्ही संशय घेतला तो या मुलीनं खराखुरा दिला होता. आणि ही तारीख, दोन आकडे दिवस, दोन आकडे महिना, चार आकडे वर्ष, माझ्या तपासणीतून दोन्ही वेळा बिनबोभाट पुढे गेली होती. मी सरांकडे पाहिलं. नियम त्यांचा होता, आणि नियम मोडणाऱ्यांतले ते नव्हते.

सर पोरीकडे बघत होते. त्यांनी तिच्या हातातला दाखला घेतला, उघडला, तारखेवर बोट ठेवलं आणि ते बोट बराच वेळ तिथंच राहिलं. बाहेरच्या प्रतीक्षायादीतल्या कोणाचे तरी वडील दारातून आत डोकावून गेले.

"पोरी, इकडे देख," सर म्हणाले. आवाज तोच हळू, पण बोलणं घरचं. "मन्ही बी एक जूनच शे."

मग खुर्ची मागे सारून ते माझ्या टेबलापाशी आले, वाकले, आणि तिच्या नावापुढचं मंजुरीचं बटण त्यांनी स्वतः दाबलं.